जपानच्या प्रवासाचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला व्यासपीठावरून बोलण्याची सवय नाही. याच सभागृहात लहानपणी मी हळदीकुंकवाच्या दिवशी गुलाबपाणी शिंपडत फिरत असे. तेवढाच काय तो माझा या जागेशी संबंध. तरीही आज उभी राहिले आहे, कारण मजवर आपले ऋण आहे. २०२४ साली मी जपानला गेले, तेव्हा विमानभाड्यापैकी काही रक्कम आपल्या विद्यार्थी-निधीतून मिळाली. हा निधी पापड, कुरडया आणि भाजणी यांच्या विक्रीतून उभा राहतो, हे मला ठाऊक आहे. ते पापड लाटणारे हात मी पाहिले आहेत. तेव्हा त्या पैशांचे मी काय केले, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

अर्जात मी लिहिले होते, ‘मानसोपचार व ध्यान यांचा अभ्यास करण्यासाठी.’ ते खोटे नव्हते. परंतु पुरतेही नव्हते. मला हा अभ्यास का करावासा वाटला, ते मी लिहिले नव्हते. ते आज सांगणार आहे. ज्या व्यक्तीविषयी सांगायचे आहे, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. काल रात्री मी तिला पुन्हा एकदा विचारले. ती म्हणाली, “सांग. पण माझी कीव येईल असे सांगू नकोस.”

ती माझी आई.

आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल, २०२२ च्या श्रावणापासून आई मंडळात येईनाशी झाली. मंगळागौरीला आली नाही, भोंडल्याला आली नाही, फराळाच्या कामालाही आली नाही. आपण विचारपूस केलीत तेव्हा आम्ही सांगितले, थायरॉईडचा त्रास आहे. ते खरे नव्हते. आईला नैराश्याचा आजार झाला होता. पहाटे तीनला जाग येई, ती पुन्हा डोळा लागत नसे. चहाचे आधण ठेवून ती तशीच उभी राही, आणि पाणी आटून भांडे करपले तरी तिला कळत नसे. “माझ्याने काही होत नाही, मी तुम्हांला ओझे झाले आहे,” एवढेच ती म्हणे.

मी तेव्हा एम.बी.बी.एस.च्या अखेरच्या वर्षात होते. पुस्तकात या आजाराची लक्षणे मी पाठ केली होती. परीक्षेत कुणी विचारली असती तर एका दमात सांगितली असती. पण घरात समोर दिसत असताना मला ती ओळखता आली नाहीत. किंवा खरे सांगायचे तर ओळखायची नव्हती. मी आईला म्हटले, “तू रोज सकाळी वीस मिनिटे ध्यानाला बस. मन शांत होईल.” माझा सल्ला तिने प्रामाणिकपणे पाळला. रोज देवापुढे चटई टाकून ती डोळे मिटून बसू लागली. तीन आठवडे झाले आणि एके दिवशी ती रडत उठली. म्हणाली, “बघ, मला साधे डोळे मिटून बसणेसुद्धा जमत नाही. देवापुढे बसले तरी वाईटच विचार येतात.”

भगिनींनो, आधीच स्वतःला दोष देणाऱ्या माणसाच्या हाती मी आणखी एक दोष दिला होता.

दिवाळीच्या आधी बाबा तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी शांतपणे विचारले, “जीव नकोसा वाटतो का?” मी दचकले. असे विचारल्याने भलताच विचार डोक्यात येईल, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तसे होत नाही. ज्याच्या मनात तो विचार असतो त्याला कुणीतरी विचारले याने सुटल्यासारखे होते. आई बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, “कधी कधी.” आम्ही एका घरात राहत होतो, पण आमच्यापैकी कुणीही तिला हे विचारले नव्हते.

त्या दिवसापासून औषध सुरू झाले. ही औषधे डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात गुण देत नाहीत. दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आईला झोप लागू लागली, मग भूक लागू लागली. संक्रांतीला तिने स्वतः तिळगूळ केला. तोवर मला मात्र एक प्रश्न लागून राहिला होता. ज्या ध्यानाची सगळे जग थोरवी गाते, त्याने माझ्या आईला अपाय का झाला?

इंटर्नशिप संपवून पुढील प्रवेशाची वाट पाहत असताना मला टोकियोतील एका इस्पितळात, मानसोपचार विभागात, दोन महिने केवळ पाहण्यासाठी राहू देण्याचे कबूल झाले. मी जपानच निवडले, याला कारण आहे. आपला ‘ध्यान’ हा शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेला, तेथे त्याचा ‘चान’ झाला, आणि जपानात पोहोचता पोहोचता ‘झेन’. ज्या देशात हा शब्द इतका रुजला, तेथील डॉक्टर मनाच्या आजारात त्याचा उपयोग कसा करतात, ते मला पाहायचे होते.

तेथे शोमा मोरिता नावाचे एक मोठे मानसोपचारतज्ज्ञ होऊन गेले. जन्म १८७४, मृत्यू १९३८; म्हणजे फ्रॉइडच्याच काळातले. विद्यार्थिदशेत त्यांना स्वतःलाच छातीत धडधडण्याचा आणि मरणाच्या भीतीचा त्रास होता. परीक्षा जवळ आली, घरून पैसे आले नाहीत; तेव्हा वडिलांवर रागावून त्यांनी ठरवले की मेलो तरी चालेल, औषधे बंद आणि अभ्यास सुरू. परीक्षा उत्तम गेली आणि भीतीही ओसरली. भीती घालवण्याची धडपडच भीतीला खतपाणी घालते, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे १९१९ च्या सुमारास ते रुग्णांना चक्क आपल्या घरी ठेवून घेऊ लागले. त्यांच्या पत्नी हिसाई या घर सांभाळता सांभाळता रुग्णांच्या उपचारालाही हातभार लावीत. मोठ्या माणसांच्या चरित्रांत ही बाजू एका ओळीत आटोपते, म्हणून येथे मुद्दाम सांगितली.

त्यांच्या उपचाराच्या चार पायऱ्या आहेत. पहिला आठवडा निव्वळ अंथरुणात पडून राहायचे. वाचन नाही, गप्पा नाहीत, भेटायला येणारे कोणी नाही. मनात काय येईल ते येऊ द्यायचे, त्याच्याशी झुंजायचे नाही. दुसऱ्या पायरीला हलकी कामे आणि रात्री रोजनिशी. डॉक्टर ती वाचून आपला शेरा लिहितात. तिसरीला झाडलोट, स्वयंपाक, बागकाम अशी अंगमेहनतीची कामे. आणि चौथीला पुन्हा आपल्या संसारात. या साऱ्याचे सूत्र ‘आरुगामामा’ या एका जपानी शब्दात आहे. त्याचा अर्थ, जसे आहे तसे. भीती वाटते आहे ना? वाटू दे. भाजी चिरायची आहे ना? ती चीर.

आज रुग्णाला असे दाखल करून घेणाऱ्या जागा तेथेही थोड्याच उरल्या आहेत. आता पुष्कळसे काम बाहेरून येणाऱ्या रुग्णांच्या रोजनिशीवर चालते, आणि जरूर तेथे औषधेही देतात.

हे सारे ऐकून मला वाटले, सापडले! आईला हेच द्यायला हवे होते. माझे जपानी ‘नमस्कार’ आणि ‘आभारी आहे’ यापुढे जात नव्हते. एक तरुण डॉक्टर इंग्रजीत समजावून सांगत. त्यांच्यामार्फत मी तेथील वयस्क डॉक्टरांना आईची हकीकत सांगितली आणि विचारले, ही पद्धत तिला लागू पडली असती का? त्यांनी उलट विचारले, “तेव्हा तिला झोप येत होती का? ती जेवत होती का?” मी नाही म्हटले. ते म्हणाले, “मग तेव्हा ना ध्यान, ना काम. आधी औषध आणि विश्रांती. मोरितांची पद्धत फार काळजी करणाऱ्या, भित्र्या स्वभावाच्या रुग्णांसाठी आहे. खोल नैराश्याच्या ऐन भरात ती देत नाहीत.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “तुझ्या आईला अंथरुणात पडून राहू द्यायला घरात कोण होते?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ताप आला तर बाई घटकाभर आडवी होते. मन आजारी पडले तर आपणच तिला सांगतो, कामात मन रमव. आई पहाटे तीनला जागी होत होती आणि सहाला आमचे डबे भरत होती.

रविवारी मी एका झेन मंदिरात जात असे. तेथे नवशिक्यांसाठी बैठक असते. भिंतीकडे तोंड करून, डोळे अर्धवट उघडे ठेवून बसायचे. पहिल्या दिवशी मला गुडघेदुखी आणि घरची आठवण यांपलीकडे काही लाभले नाही. मी तसे बोलून दाखवले. तेथील भिक्षू हसले आणि त्यांनी मला अंगणातले तण उपटायला लावले. जूनचा पाऊस नुकताच पडून गेला होता. तासभर तण उपटताना मला कळले की मन रिकामे करणे हे ध्यान नव्हेच. विचार येतो, जातो, आणि आपण आपल्या जागी असतो. आईला मी ‘मन शांत कर’ म्हटले होते. जे ध्यानात कुणालाच हुकमाने करता येत नाही, ते मी आजारी माणसाला करायला सांगितले होते.

मग ध्यान कुचकामी का? मुळीच नाही. सेगल, विल्यम्स आणि टीझडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी नैराश्यातून बरे झालेल्या माणसांसाठी ध्यानावर आधारलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. २००० साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांना हा आजार तीन किंवा अधिक वेळा होऊन गेला होता, त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के लोकांना तो वर्षभरात उलटला. ध्यान शिकलेल्यांत ३७ टक्क्यांना. मात्र ज्यांना तो दोनदाच झाला होता, त्यांना फायदा दिसला नाही. आणि ध्यान शिकवले ते बरे झाल्यावर, बुडत असताना नव्हे. पोहणे शिकवायचे ते काठावर उभे असताना. गटांगळ्या खाणाऱ्याला आधी बाहेर काढावे लागते. ब्रिटनमध्ये ८४ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात सुमारे निम्म्यांना असेच धडे दिले. २०२२ साली निष्कर्ष आला की नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्यांचा अधिक उपयोग झाला नाही. म्हणजे उत्तम वस्तूही कुणाला, केव्हा, हे पाहूनच द्यावी लागते. आपण मेथीचे लाडू तापात देतो का?

आता जपानमधली आणखी एकच गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. स्किझोफ्रेनिया या आजाराला तेथे पूर्वी जे नाव होते, त्याचा अर्थ ‘मन दुभंगण्याचा आजार’. ते नाव इतके भयंकर वाटे की डॉक्टरही रुग्णाला ते सांगत नसत. रुग्णांच्या नातेवाइकांच्या संघटनेने नेटाने मागणी केली आणि २००२ साली तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने नाव बदलले. बदलापूर्वी सुमारे ३७ टक्के रुग्णांना आपल्या आजाराचे नाव सांगितले जाई. दोनएक वर्षांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात गेले. औषध तेच, आजार तोच. पण ज्याला नाव घेता येते, त्याच्यावर बोलता येते.

आपल्याकडे कुणी जरा वेगळे वागले की ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणून आपण हसतो. मीही हसले आहे. आई आजारी असताना आम्ही ‘थायरॉईड’ म्हणालो, ते या हसण्याच्या भीतीने.

२०२१ साली आईला डेंग्यू झाला होता. तेव्हा आपल्यापैकी कितीतरी घरांतून डबे आले. कुणी पेज पाठवली, कुणी रात्री दवाखान्यात बसल्या. पुढच्या वर्षी त्याहून मोठे दुखणे आले, तेव्हा एकही डबा आला नाही. यात आपला यत्किंचितही दोष नाही. दार आम्हीच लावून घेतले होते.

परत आल्यावर मी आईशी सविस्तर बोलले. तेव्हा तिने सांगितले की धाकट्या भावाच्या जन्मानंतर, आणि पुढे आजी गेल्यावर, तिला असेच झाले होते. एकदा त्याला बाळंतपणाचा अशक्तपणा म्हटले गेले, एकदा नुसतेच दुःख. म्हणजे ही तिसरी खेप होती. तिच्या डॉक्टरांच्या संमतीने आता ती थोडे थोडे ध्यान करते. औषध अजून चालू आहे. ते आपल्या मनाने थांबवायचे नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे. डोळे मिटून बसायला तिला अजूनही आवडत नाही. ती कढीपत्ता निवडत बसते, आणि त्या वेळी दुसरे काही करत नाही. मला वाटते, तेही चालेल.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या सूचना-फलकावर १४४१६ हा क्रमांक लावावा. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य सेवा त्यावर मिळते. आणि एखादी मैत्रीण दोन महिने दिसली नाही, तर तिच्या घरी डबा घेऊन जावे. आजार कोणता, हे विचारलेच पाहिजे असे नाही. ती आपण होऊन सांगेल.

विद्यार्थी-निधीतून मिळालेली रक्कम मी माझ्या पहिल्या वेतनातून आज कोषाध्यक्षबाईंकडे परत दिली आहे. ती पुढच्या एखाद्या मुलीच्या उपयोगी पडो. पैशांचा हिशेब यामुळे पुरा झाला. बाकीचे ऋण असे फिटणारे नाही, आणि ते फिटावे अशी माझी इच्छाही नाही.