हौसेचे यंत्र आणि चरितार्थाचा धंदा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



१९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आकड्यांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र लोकांपुढे आले. आज त्याच वंशातील सीएनसी राउटर आपल्या तरुणांच्या टेबलावर येऊन बसला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हौसेसाठी घडविलेल्या यंत्रावर कुटुंबाचा चरितार्थ चालेल काय, हा प्रश्न कर्ज काढण्यापूर्वीच विचारावयास हवा. मी तो विचारला नाही. म्हणून माझीच हकिकत सांगतो.

माझ्या लहान यंत्रावर नावाच्या पाट्या सुबक निघत. त्या भरवशावर मी सागवानी दारांच्या ४० नक्षीदार फळ्यांचे काम आठ दिवसांच्या बोलीने अंगावर घेतले. पाचव्या फळीत गाठ आली, कटर क्षणभर अडखळला आणि पुढील सारी नक्षी दोन मिलिमीटर बाजूला कोरली गेली. यंत्राला त्याचा पत्ताही नव्हता! अशा यंत्रांत बहुधा स्टेपर मोटर असते. नियंत्रक तिला आज्ञा देतो. ती पाळली गेली की नाही, हे तपासत नाही. कारखान्याच्या यंत्रातील सर्व्हो मोटर आपली जागा सतत कळविते आणि चूक वाढताच यंत्र थांबते.

दुसरी गोष्ट ताठरपणाची. तुळईचा गाळा दुप्पट केला, तर मध्यावरील त्याच भाराने ती आठपट वाकते. हलक्या सांगाड्याचेही तसेच. तो वाकू नये म्हणून काप उथळ घ्यावा लागतो व वेळ वाढतो. मला एका फळीस तीन तास लागू लागले. दिवसाचे दहा तास राबूनही तीनच फळ्या. म्हणजे ४० फळ्यांना चौदा दिवस! अखेर घरच्या दोघा वडीलधाऱ्यांनी पटाशी हाती घेऊन उरलेले काम पुरे केले. गिऱ्हाईक राहिले, नफा गेला.

तेव्हा केवळ यंत्राची किंमत पाहू नका. एका नगास लागणारा वेळ, वाया जाणारा माल, झिजणारे कटर व कार्बन ब्रश, वीज आणि स्वतःची मजुरी यांची बेरीज मांडा. विक्रेत्याकडे आपलेच लाकूड न्या, आठ तास अखंड काम करवून घ्या आणि पहिला व शेवटचा नग व्हर्नियरने मोजा. सुटे भाग किती दिवसांत मिळतात, तेही विचारा. धूळ ओढून घेण्याची सोय अवश्य हवी. लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते, हे १९९५ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे.

शिकण्यासाठी, नमुने करण्यासाठी व सवडीच्या किरकोळ कामासाठी लहान यंत्र अवश्य घ्यावे. मात्र मुदतीचे काम स्वीकारताना त्याच्या बळाचा अंदाज घेऊनच गिऱ्हाइकास शब्द द्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.