झाकल्या पापणीची रेघ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



डोळ्यांना नावे देताना आपल्या कवींनी कधी हात आखडता घेतला नाही. मृगनयनी, मीनाक्षी, कमलनयना ही संस्कृतातून आलेली नावे. टपोरे, पाणीदार, घारे ही आपली घरची. उर्दू गझलेने तर डोळ्यांचा पेला केला, खंजीर केला. पण काही डोळे असे असतात की ते उघडले म्हणजे वरची पापणी दिसतच नाही. भुवईखालची कातडी पडद्यासारखी तिच्यावर येऊन बसते. या डोळ्यांना आपल्याकडे धड शब्द नाही. जे आहेत ते हिणवणारे: मिचमिचे, झोपाळू, बारीक. इंग्रजीत त्यांना 'हुडेड' म्हणतात. मी आपली 'झाकल्या पापणीचे डोळे' म्हणते. या डोळ्यांना आयलायनर कसे लावावे, आणि त्याची कडेला वर उचललेली शेपटी, जिला मुली 'विंग' म्हणतात, ती कशी काढावी, हे मला आज सांगायचे आहे.

कवयित्रीने हा काय विषय घेतला, असे काहींना वाटेल. मी भिवंडीतल्या निजामपुऱ्यातली. आमच्याकडे नकाब घालून बाजारात, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत जाणाऱ्या बायका पुष्कळ. त्यांचा जगाला दिसणारा चेहरा म्हणजे दोन डोळे. आणि लग्नघरात काय होते? मेकअपवाली मुलगी नवरीचे डोळे तासभर रंगवते. मग नवरीची आई समोर येऊन बसते. मुलगी तिच्याकडे पाहते आणि म्हणते, "खाला, तुमच्या डोळ्यांना विंग नाही शोभणार, नुसते काजळ लावते." खाला म्हणते, "असू दे गं, आता माझे काय." हे 'आता माझे काय' मी इतक्या घरांत ऐकले आहे की मला त्या वाक्याचाच राग येऊ लागला आहे. खोट डोळ्यांत नसते. रीत चुकीची वापरलेली असते.

जरा डोळ्याची रचना पाहू. वरच्या पापणीला एक घडी असते. डोळा उघडला की पापणी वर सरकून या घडीत जाते. काहींच्या पापणीचा पट्टा तरीही रुंद दिसत राहतो. १९६६ च्या 'आम्रपाली'तली वैजयंतीमाला किंवा १९६७ च्या 'अॅन ईव्हनिंग इन पॅरिस'मधली शर्मिला टागोर आठवा. त्या काळच्या नायिकांच्या लांब शेपटीला टेकायला तो पट्टा असे. झाकल्या पापणीत वरची कातडी घडीच्या खाली ओघळते. कुणाचे डोळे जन्मतःच असे असतात, त्यांच्या आईचे, आजीचेही असतात. बाकीच्यांना वय तिथे नेते. कातडीचा ताण सैल होतो, भुवई किंचित उतरते. पंचविशीत ज्या डोळ्यांवर रेघ सरळ बसायची, तेच डोळे पन्नाशीत ती गिळून टाकतात.

आता चूक कुठे होते ती पाहा. आपण डोळा मिटतो, कोपऱ्याकडची कातडी बोटाने कानाकडे ताणतो आणि छान सुरेख रेघ ओढतो. डोळा उघडला की रेघेचा मधला तुकडा घडीत गडप होतो आणि शेपटी मोडल्यासारखी खाली पडते. आमच्या गावात हे कुणालाही चटकन कळावे. मागावर कापड ताणलेले असते तेव्हा त्याचा पन्हा वेगळा, मागावरून उतरल्यावर वेगळा. ताणलेल्यावर घेतलेले माप सैल झाल्यावर कसे टिकेल? कातडीचेही तसेच.

म्हणून झाकल्या पापणीची शेपटी उघड्या डोळ्यानेच काढायची. आरसा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. हातात खाली धरलेल्या आरशात नजर खाली जाते आणि माप चुकते. समोर सरळ पाहा. भुवया उचलू नका! आरशासमोर बसले की आपण सगळ्याच भुवया उचलतो, आणि मग चेहरा सैल सोडला की सगळे चित्र घसरते. खालच्या पापणीची कड जिथे संपते, तिथून भुवईच्या शेवटाकडे एक तिरकी रेघ मनात धरा. त्या वाटेवर, ओघळलेल्या घडीच्या बाहेर एक ठिपका द्या. तो शेपटीचा शेंडा. दोन्ही डोळ्यांचे ठिपके आधी द्या आणि ते समोरासमोर जुळवा, कारण कुणाचेही दोन डोळे अगदी सारखे नसतात. मग डोळा उघडाच ठेवून ठिपक्यापासून कोपऱ्यापर्यंत घडीवरून रेघ आणा.

आता डोळा मिटून पाहिलात तर दचकाल. शेपटीला मध्येच एक खाच, एक पायरी पडलेली दिसेल, वटवाघळाच्या पंखासारखी. ती पुसू नका. आतला रिकामा भाग भरून घ्या. डोळा उघडला की ती पायरी घडीत जाते आणि बाहेरून रेघ सरळ दिसते. सगळी गोम या वेड्यावाकड्या पायरीत आहे. मिटलेल्या डोळ्यावर ती विचित्र दिसते, पण लग्नात आपल्याला कोण मिटलेल्या डोळ्यांनी पाहणार आहे?

पापणीवरची बाकीची रेघ केसाएवढी बारीक ठेवा. जाड रेघ उरलासुरला पट्टाही खाऊन टाकते. शेपटी आखूडच बरी. लायनर पाण्याने न पुसले जाणारे घ्या आणि ते वाळेपर्यंत नजर खालीच ठेवा, कारण घडी पापणीला चिकटते आणि वर दुसरा काळा ठसा उमटतो. आधी पापणीवर थोडी पावडर थापली तर हे कमी होते. राहिली आमची चाळिशी! चष्मा लावला तर हात डोळ्यापर्यंत जात नाही, काढला तर डोळा दिसत नाही. यावर मोठे दाखवणारा, उभा राहणारा आरसा घ्यावा आणि कोपर टेबलावर टेकवावे. हात थरथरत असेल तर द्रव लायनरऐवजी पेन्सिल बरी. आणि नकाब घालणाऱ्यांनी तो आधी बांधून मग शेपटी काढावी, म्हणजे कापडाची कड तिच्यावर घासत नाही.

सुरम्याविषयी बोलल्याशिवाय निजामपुऱ्यातली बाई गप्प बसणार नाही. आमच्या घरांतून सुरमादाणी आणि तिची सलाई असायचीच, आणि ईदच्या सकाळी पुरुषांच्याही डोळ्यांत सुरमा जायचा. त्या करड्या झाकेची सर कुठल्या लायनरला नाही, हे मी मानते. पण सुरमा म्हणजे अँटिमनी, ही समजूत बाजारातल्या पुष्कळ सुरम्यांच्या बाबतीत खरी नाही. तपासण्यांत त्यांत गॅलिना हे खनिज सापडले आहे, म्हणजे शिसे आणि गंधक. प्राचीन इजिप्तच्या काजळाच्या कुप्यांतही फ्रेंच संशोधकांना शिशाचीच संयुगे मिळाली. तो निबंध १९९९ चा. जुने आहे म्हणून निर्धोक ठरत नाही. अमेरिकेत असा सुरमा सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायला परवानगी नाही. भारतातही प्रसाधनांच्या रंगासाठी शिशाची संयुगे वापरायला कायद्याने मनाई आहे. शिसे शरीरात साठत जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालणे आता थांबवावे, हे मी आजीच्या वयाच्या बायकांनाही स्पष्ट सांगते. त्या रुसतात. रुसू देत.

आणखी एक. पापणी इतकी ओघळली की वरचे दिसेना, वाचताना कपाळ उचलावे लागते, तर लायनर बाजूला ठेवून नेत्रतज्ज्ञाला दाखवा. त्यावर शस्त्रक्रिया होते. एकाच डोळ्याची पापणी अचानक खाली आली, दोन-दोन दिसू लागले किंवा डोके फार दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ते वयाचे लक्षण म्हणून घरी बसू नका.

रात्री रेघ उतरवताना कापसावर थोडे खोबरेल घ्या, मिटलेल्या पापणीवर वीस-पंचवीस आकडे मोजेपर्यंत नुसते धरा, मग खाली ओढून घ्या. चोळू नका. ही कातडी सगळ्या चेहऱ्यात पातळ, चोळून ती आणखी सैल होते, आणि पुढच्या लग्नात ठिपका आणखी थोडा वर द्यावा लागतो.