आर्य आले कुठून, आणि बायोडेटातली पोटजात

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा: "आर्य बाहेरून आले की नाही, एकदाचं सांगून टाक." मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, इतिहासकार नाही. पण दोनेक वर्षं या विषयावर जमेल तसं वाचतोय, त्यातून जे हाती लागलं ते सांगतो. भांडायचं असेल तर शेवटपर्यंत ऐका आणि मग भांडा.

आधी हाडाची गोष्ट. हरियाणात हिस्सार जिल्ह्यात राखीगढी आहे, सिंधू संस्कृतीतलं एक मोठं शहर. तिथलं उत्खनन आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलं, वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली. आपल्याकडच्या उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. साठेक नमुने तपासले, त्यातला एकच कामाचा निघाला. एक बाई, साडेचार हजार वर्षांपूर्वीची, आणि डीएनए मिळाला तो कानाच्या आतल्या टणक हाडातून. तिच्यात स्टेपचा अंश नव्हता. स्टेप म्हणजे कझाकस्तान-रशियाकडचा गवताळ पट्टा, तिथे गुरं-घोडे राखणारे लोक राहायचे. हा पेपर सप्टेंबर २०१९ मध्ये आला.

लगेच बातम्या सुरू. आर्य सिद्धांत खोटा ठरला, विषय संपला! तुमच्याही फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड आला असेल. गंमत अशी की त्याच महिन्यात 'सायन्स'मध्ये दुसरा, खूप मोठा पेपर आला. ५२३ प्राचीन माणसांचा नवा डीएनए होता त्यात, आणि लेखकांच्या यादीत शिंदेही होते. तो म्हणतो, स्टेपचे लोक भारतात मिसळले ते साधारण इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान. राखीगढीची बाई त्याआधीची, मग तिच्यात तो अंश सापडणार कसा? सकाळी दहाच्या लॉगमध्ये एंट्री नाही म्हणून दुपारी कोणी लॉगिन केलंच नाही, असं आपण म्हणतो का?

इथे दोन शब्द वेगळे ठेवा, आक्रमण आणि स्थलांतर. मॉर्टिमर व्हीलर नावाच्या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने मोहेंजोदडोमधले काही सांगाडे बघून थेट इंद्रालाच आरोपी केलं होतं. ते १९६४ मध्येच जॉर्ज डेल्सने खोडून काढलं. सांगाडे एका वेळचे नाहीत, कत्तलीचा पुरावा नाही. म्हणजे रथावरून येऊन शहरं जाळणारे आर्य केव्हाच निकालात निघाले. गुरं घेऊन पिढ्यान्पिढ्या सरकत आलेली, इथल्या लोकांत मिसळत गेलेली माणसं मात्र उरतात. मला तरी आजच्या पुराव्यावर तेच पटतं.

आता मला जास्त रस आहे तो भाग. या एका सिद्धांताचा महाराष्ट्राने जेवढा वापर केला, तेवढा फार कमी ठिकाणी झाला असेल. १८७३ मध्ये जोतीराव फुले 'गुलामगिरी' लिहितात. त्यात आर्य भट बाहेरून आले, त्यांनी इथल्या बळीराजाच्या लोकांना दास केलं. तीस वर्षांनी, १९०३ मध्ये, टिळकांचं 'आर्क्टिक होम इन द वेदाज' येतं. टिळकही म्हणतात, बाहेरून आले, आणि तेही थेट उत्तर ध्रुवाजवळून! पण त्यांना त्यात अभिमान वाटतो. माहिती साधारण तीच, एकाला त्यात अन्याय दिसतो आणि दुसऱ्याला पराक्रम.

पुढे १९२३ मध्ये सावरकरांचं 'हिंदुत्व'. सावरकरांनीही आर्य सिंधूकाठी येऊन वसले हे मानलंय, इथल्या लोकांशी रक्त मिसळलं हेही मानलंय. त्यांची व्याख्या पितृभू आणि पुण्यभू यांवर उभी आहे. पुण्यभूच्या अटीने त्यांनी मुसलमान आणि ख्रिश्चनांना बाहेर ठेवलं, तो वेगळा आणि मोठा वाद. पण आर्य मुळात इथलेच होते हे सिद्ध करायची गरज त्यांना पडली नाही. गोळवलकरांना पडली. १९३९ मध्ये त्यांनी तोडगा काढला की तेव्हा उत्तर ध्रुवच बिहार-ओरिसाकडे होता, तो नंतर सरकला. टिळकही खोटे नाहीत, आर्यही बाहेरचे नाहीत.

म्हणून आज कोणी म्हणालं की आर्य बाहेरून आले म्हटलं की हिंदू धर्माचा अपमान होतो, तर मी टिळकांकडे बोट दाखवतो. आणि कोणी म्हणालं की तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी आलात म्हणजे तुम्ही परके, तर त्याला आपल्याच भाषेकडे बघायला सांगतो. मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. हिंदीत दोन्हीला 'हम'च. समोरच्याला धरून की वगळून, हा फरक द्रविड भाषांत आहे आणि आपल्याकडे तो त्यांच्या संगतीने आला असं बरेच भाषातज्ज्ञ मानतात. आता यातलं कोण मूळचं आणि कोण परकं, सांगा.

पण डीएनएने सांगितलेली सगळ्यात टोचणारी गोष्ट ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करत नाही. २०१३ च्या एका संशोधनानुसार भारतातले गट साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांत भरपूर मिसळत होते. आज जवळजवळ प्रत्येक गटात ती मिसळण दिसते, उत्तरेत, दक्षिणेत, ब्राह्मणांत, आदिवासींत. प्रमाण कमीजास्त. आणि नंतर ते थांबलं. जातीबाहेर लग्नं होईनाशी झाली.

हे १९१६ मध्ये एका पंचवीस वर्षांच्या मुलाने न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचून सांगितलं होतं. डीएनए तपासणीचा पत्ताही नव्हता तेव्हा. इथले लोक सगळे मिसळलेले आहेत, आणि जातीचं मर्म आहे जातीतच लग्न करण्यात, असं भीमराव आंबेडकर म्हणाले. पुढे १९४६ मध्ये शूद्रांवरच्या पुस्तकात त्यांनी आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धांतही नाकारला. म्हणजे फुल्यांना गुरू मानूनही या मुद्द्यावर वेगळी वाट धरली. हे मला फार आवडतं.

मी अठ्ठावीसचा. घरी स्थळं बघणं चालू आहे. आमचे एक काका ग्रुपवर रोज टाकतात, "आपण सगळे हिंदू एक, आपला डीएनए एक." माझा बायोडेटाही त्यांनीच बनवला. त्यात जात, पोटजात, गोत्र असे तीन रकाने. मी त्यांना विचारलं, "काका, डीएनए एक आहे तर पोटजात कशाला?" ते म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं." माझी ऑफिसमधली मैत्रीण बौद्ध आहे. तिला हा किस्सा सांगितला तर हसली आणि म्हणाली, "आर्य कुठून आले ते सोड रे. तुमच्या घरी मी जेवायला आले तर चालतं, राहायला आले तर?"

मी तिन्ही रकाने काढून टाकले. आई म्हणाली, "काढ बाबा, पण लोक फोनवर विचारणारच." विचारतात. गेल्या रविवारी दोन फोन आले, दोन्हीकडून नावानंतरचा पहिला प्रश्न तोच.

पुढच्या भागात घोडा, सरस्वती आणि सिनौलीचा तो रथ. तो रथ की बैलगाडी यावर तुमचं मत आत्ताच पाठवून ठेवा.