खड्ड्यांच्या गावातली स्पोर्ट्स गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बदलापूर हे नाव कसं पडलं, याची एक गोष्ट आमच्याकडे सगळेच सांगतात. जुन्या काळी इथे घोडे बदलले जात. दमलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा आणि पुढे निघायचं. गोष्ट खरी की मागाहून जुळवलेली, त्या वादात मी पडत नाही. पण संध्याकाळच्या वेळी कल्याणहून उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरला पोहोचलेल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, घोडा बदलायची सोय आजही हवी होती. मोटारीला घोड्याचे पाय नसतात. पायांच्या जागी जे असतं त्याला आपण सस्पेन्शन म्हणतो आणि आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे. त्यातही मालक ज्या गाड्यांना कौतुकानं ‘स्पोर्ट्स’ म्हणतात, त्यांच्या सस्पेन्शनविषयी.

खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे किती जणांनी जवळून पाहिली असेल? 2002 साली मायकल शूमाकरच्या हस्ते सचिन तेंडुलकरला फेरारी मिळाली, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राला ‘360 मोडेना’ हे नाव पाठ झालं. त्याच्या काही वर्षं आधी गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी, फायबरच्या अंगाची छोटी गाडी तयार झाली होती. इंजिन रेनॉचं. ती फार चालली नाही, पण जिला चालवायला मिळाली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. आमच्या पट्ट्यात मात्र स्पोर्ट्स म्हणजे बहुतेक वेळा वापरलेली गाडी. कुणाची 1.6 लिटर पॅलिओ, कुणाची ऑक्टाव्हिया आरएस, कुणाची चाकणला बनलेली पोलो जीटी. पोलोचं उत्पादन 2022 साली थांबलं, तेव्हापासून तर ती जपून ठेवणाऱ्यांचा एक पंथच झाला आहे. एमआयडीसीत नोकरी करणारा मुलगा तीन-चार वर्षं पैसे साठवतो, अशी एखादी गाडी घेतो आणि पहिल्याच महिन्यात विचारतो, “काका, वळणावर गाडी झुकते. थोडी खाली बसवून कडक करून द्या ना.”

माझं काम गाड्यांच्या पोटाखालचं. त्यामुळे हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, याची गणती नाही. मुलांची हौस मला पटते. वळणावर गाडी जमिनीला धरून राहिली, स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच तिकडे वळलं, तर चालवणाऱ्याला आनंद होतो आणि ती सुरक्षितही असते. भांडण हौसेशी नाही, ती भागवायच्या क्रमाशी आहे.

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. गाडी रस्त्याला धरून ठेवतात ते चार टायर आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. हे चार तळहात सतत जमिनीवर टेकलेले राहावेत म्हणून सस्पेन्शन. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्याचा दणका साठवून घेते. पण साठवलेलं ती परतही करते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी बसवली तर एका गतिरोधकानंतर ती पाळण्यासारखी हलत राहील. ती ऊर्जा तेलातून ढकलून उष्णतेत जिरवायचं काम शॉक अब्सॉर्बरचं. आपण त्याला सरळ शॉकअप म्हणतो. नावात ‘शॉक’ असला तरी दणका खाते ती स्प्रिंग. शॉकअप तिला गप्प बसवतो. ही जोडी आहे. नवरा-बायकोपैकी एकालाच बदलून संसार सुधारत नाही, तसंच हे.

जुन्या लोकांना आठवत असेल, कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे दोन-दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग असायची, मागे मात्र बैलगाडीची आठवण करून देणारे पाटे. पाटा तुटला की रस्त्याच्या कडेलाच बदलायचा. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, पण तिच्यावर हात बसलेले मिस्त्री उल्हासनगरात अजून भेटतात. आजच्या पोलो-पॅलिओत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर. मागे दोन्ही चाकांना जोडणारी पिळदार आडवी तुळई. ही रचना स्वस्त, आटोपशीर आणि चांगली आहे, पण तिच्यात फेरफार करायला जागा कमी.

आता मुलं काय करतात ते सांगतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा कापायचा. खर्च जवळजवळ नाही, आणि गाडी अर्ध्या दिवसात खाली बसते. समजा स्प्रिंगचे सहा वेढे काम करत होते. एक कापला तर उरलेली स्प्रिंग वीस टक्के कडक होते. हे ऐकून मुलगा खूश होतो, कारण त्याला कडकच हवी होती. पण लहान गाडीच्या चाकाला वर जायला साधारण सात-आठ सेंटीमीटर जागा असते. गाडी चार सेंटीमीटर खाली आणली की त्यातली निम्मी जागा आधीच संपली. मग खड्डा आला की चाक थेट रबरी बफरवर आपटतं आणि दणका बॉडीला बसतो. वीस टक्के कडकपणानं निम्मी जागा भरून निघत नाही. शॉकअप मूळचाच असतो. तो जुन्या, मऊ स्प्रिंगला आवरायला बनलेला, नव्या कडक स्प्रिंगपुढे कमी पडतो. गाडी आता आपटतेही आणि उड्याही मारते.

याहून वाईट भाग पुढे आहे. गतिरोधकावरून उतरताना चाक मोकळं लोंबतं. कापलेली स्प्रिंग आखूड असल्यानं ती अशा वेळी आपल्या वाटीत घट्ट बसलेली राहत नाही, सरकते. एका पावसाळ्यात अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. स्प्रिंग वाटीतून सुटून तिरकी बसली होती आणि टायरच्या आतल्या बाजूला घासून तिनं रबराचा थर सोलून काढला होता. अजून दोन-चार दिवस चालली असती तर टायर फुटला असता. काटई-बदलापूर पाइपलाइन रोडवर रात्री टायर फुटला तर शेजारून दुचाकीवर कोण चाललेलं असतं, ते मी सांगायला नको. रात्रपाळीचे कामगार असतात, मागे बायको आणि टाकीवर पोर घेऊन निघालेला माणूस असतो. त्या मुलाची आई त्याच्या गाडीत मागे बसायला तयार नव्हती, कारण काय तर तिची कंबर दुखायची. गाडीत काय बिघडलंय ते त्या बाईंनी माझ्या आधी ओळखलं होतं.

मग करायचं काय? पहिलं काम, नवीन काही विकत घेण्याआधी जुनं तपासायचं. दहा वर्षं वापरलेली गाडी वळणावर झुकते ती बहुतेक वेळा मऊ स्प्रिंगमुळे नव्हे. लोअर आर्मचे रबरी बुश चिरलेले असतात, बॉल जॉइंट ढिला असतो, लिंक रॉडचा खडखडाट चालू असतो, शॉकअपमधून तेल गळत असतं. गाडीचा एक कोपरा जोरात खाली दाबून सोडा. वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोन-तीन वेळा डोलली तर शॉकअप संपला. हे सगळं मूळ दर्जाचं बदललं की निम्म्या मुलांची तक्रार तिथेच मिटते. त्यांनी नव्या गाडीचं हँडलिंग कधी अनुभवलेलंच नसतं, कारण त्यांच्या हातात ती आली तेव्हा मागच्या मालकानं ती झिजवलेली होती.

त्यानंतर टायर. माझ्या मते पैसा घालायची ही पहिली जागा, आणि नेमकं इथेच लोक दिखाव्याला भुलतात. समजा 195/55 आकाराचा टायर काढून मोठ्या रिमवर 205/45 चढवला. रबराच्या भिंतीची उंची 107 मिलिमीटरवरून 92 वर येते. एखाद्या गुळगुळीत रस्त्यावर त्यानं स्टिअरिंगला धार येते, खोटं नाही. पण आमच्याकडे काँक्रीटचा पट्टा संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतो तिथे एक पायरी असते, आणि चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा कधी वर तर कधी खाली असतं. तिथे ते 15 मिलिमीटर रबर अलॉय रिमचा जीव वाचवत असतं. मूळ आकारच ठेवा, फक्त चांगल्या पकडीचा, ओल्या रस्त्यावर नाव असलेला टायर घ्या आणि हवा दर पंधरवड्याला तपासा.

तिसरी पायरी चांगल्या प्रतीचे शॉकअप. ज्याला खरोखर फरक हवा, त्यानं इथे हात सैल सोडावा. स्प्रिंग मूळची किंवा किंचित कडक, उंची मूळचीच किंवा फार तर दीड-दोन सेंटीमीटर कमी, आणि तिला शोभणारा शॉकअप. साधी कुटुंबाची गाडी स्प्रिंगवर सेकंदाला एक-सव्वा वेळा हलते. स्पोर्ट्स गाडी दीड ते दोन वेळा, शर्यतीची त्याहून जास्त. रस्त्यावरच्या गाडीनं दीडच्या आसपास राहावं. त्यापुढे गेलात तर खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त राहील. हवेतल्या टायरला पकड कसली? नाशिककडच्या रॅलीत धावणाऱ्या गाड्या पाहा. त्या जमिनीला चिकटलेल्या नसतात, उंच असतात आणि त्यांच्या चाकांना भरपूर हालचाल असते. आमच्या मुलांनी पोस्टर रेसट्रॅकच्या गाडीचं लावलेलं असतं, रस्ता मात्र रॅलीचा.

आणि झुकणं? त्यासाठी अँटी-रोल बार नावाची एक साधी वाकवलेली सळई असते, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी. तिची गंमत अशी की दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर ती नुसती फिरते, आड येत नाही. गाडी एका अंगाला झुकायला लागली की मात्र तिला पीळ बसतो आणि ती विरोध करते. म्हणजे कंबरेला त्रास न देता झुकणं कमी. खड्डा एकाच चाकाखाली आला तर तिचा धक्का दुसऱ्या चाकालाही थोडा जाणवतो, तेवढी किंमत मोजावी लागते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे जाड बार बसवला की नाक छान वळतं. पण फार जाड बसवू नका. ओल्या काँक्रीटवर ब्रेक मारत वळलात तर शेपूट पुढे यायला बघेल.

गतिरोधकाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटीमीटर उंच, गोलसर असायला हवा. असा गतिरोधक खाली बसवलेली गाडीही सहज ओलांडते. आमच्या गल्लीबोळांत मात्र हातभर रुंदीचे, भिंतीसारखे उठलेले गतिरोधक रहिवाशांनीच रातोरात घातलेले असतात. पोलोचा पोटाखालचा उंचावा साधारण 165 मिलिमीटर. त्यातले 40 कमी केले, वर चार माणसं बसवली की सायलेन्सर आणि इंजिनची तेलटाकी रोज त्या भिंतीची परीक्षा घेणार.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकानं ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेला शॉकअप त्याच मापाच्या चांगल्या शॉकअपनं बदलणं ही दुरुस्ती. कापलेली स्प्रिंग ही दुरुस्ती नव्हे. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस आधी गाडीखाली वाकून बघतो.

उल्हासनगरचं नाव घेतलं की बाहेरचे लोक ‘मेड इन यूएसए’चा तो जुना विनोद काढतात. मला त्यात अर्धंच तथ्य वाटतं. लष्करी छावणीच्या बराकींत ज्यांनी नव्यानं आयुष्य मांडलं, त्यांनी मिळेल त्या वस्तूपासून चालेल ती वस्तू बनवण्याची विद्या कमावली, आणि अंबरनाथच्या कारखान्यांमुळे लेथवर बसणारे कसबी हात या पट्ट्यात भरपूर आहेत. असा कारागीर नायलॉनचा बुश हुबेहूब कातून देतो. पण नायलॉनमध्ये रबराचा गुण नाही. रबर पिळतं, नायलॉन फक्त घासतं, आणि थोड्या महिन्यांत आवाज करायला लागतं. मापाची वस्तू आणि गुणाची वस्तू यातला फरक दुकानदार सांगणार नाही, तुम्हीच विचारायचा. शॉकअप घेताना डबा नव्हे, पक्कं बिल मागा, आणि एकच न घेता जोडीनं घ्या.

काम झालं की व्हील अलाइनमेंट लगेच करा आणि पाचेकशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासून घ्या, कारण नवी स्प्रिंग थोडी बसते आणि चाकांचा कोन बदलतो. टायर आतून खायला लागला की समजा, तपासायचं राहून गेलं. पहिली फेरी बारवी धरणाच्या रस्त्यावर नको. रविवारी तिथे सहलीची गर्दी असते. सकाळी सहाला, मोकळ्या रस्त्यावर, ताशी चाळीसनं चालवून आवाज ऐका. आणि काढलेल्या मूळ स्प्रिंग भंगारात देऊ नका, माळ्यावर नीट गुंडाळून ठेवा. गाडी विकताना घेणारा त्याच मागतो.