बंदुकांची मोजणी आणि खुनांचा हिशेब
(आवडी येथील मराठीभाषकांसमोर दिलेले व्याख्यान)



आवडीत येऊन शस्त्रांविषयी बोलावयाचे, म्हणजे कुंभारवाड्यात जाऊन मडक्यांविषयी बोलण्यासारखे आहे. १९५५ च्या जानेवारीत काँग्रेसचे अधिवेशन याच गावी भरले आणि 'समाजवादी धर्तीची समाजरचना' हा शब्दप्रयोग देशाच्या कानी पडला. पुढे दहा वर्षांनी, १९६५ साली, येथे बांधलेला पहिला 'विजयंता' रणगाडा अवजड वाहन कारखान्याबाहेर आला. २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांची पुनर्रचना होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी रणगाडे बांधणाऱ्या कंपनीचे मुख्यालय आवडीतच राहिले आणि अंबरनाथचा एक कारखानाही तिच्याकडे आला. अंबरनाथ, खडकी, वरणगाव ही नावे आपणांपैकी बहुतेकांच्या घरात नित्य घेतली जातात. शस्त्र कसे घडते, हे मी आपणांस सांगावे असे काहीच नाही.

मला बोलावयाचे आहे ते कारखान्याच्या दाराबाहेरील शस्त्राविषयी. म्हणजे घरातील कपाटात, शेतावरच्या खोपटात किंवा कमरेच्या पट्ट्याआड असणाऱ्या बंदुकीविषयी. ज्या देशात नागरिकांच्या हाती बंदुका अधिक, त्या देशात खून अधिक होतात काय? प्रश्न साधा वाटतो. बंदुकांची संख्या एका रकान्यात लिहावी, खुनांचे प्रमाण दुसऱ्या रकान्यात लिहावे, आणि दोहोंची तुलना करावी. परंतु या दोन रकान्यांवरून जगभर जे वाद झाले, ते पाहिले असता असे दिसते की, वाद घालणाऱ्यांनी बहुधा आपल्या सोयीचे देश निवडून घेतलेले असतात.

प्रथम आकडे पाहू. जिनिव्हा येथील 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१७ च्या अखेरीची स्थिती सांगणारे अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनुसार जगातील नागरिकांपाशी सुमारे ८५ कोटी ७० लाख बंदुका होत्या आणि त्यांपैकी सुमारे ३९ कोटी ३० लाख एकट्या अमेरिकेत होत्या. म्हणजे तेथे दर शंभर माणसांमागे सुमारे १२० बंदुका. जपानमध्ये शंभर माणसांमागे एक बंदूकही भरत नाही. अमेरिकेत २०२१ साली दर लाख लोकांमागे सुमारे सात खून झाले. जपानमध्ये हे प्रमाण लाखामागे अर्ध्याहूनही कमी असते. बंदुकांवर निर्बंध हवेत असे म्हणणारा पक्ष एवढ्यावर थांबतो आणि म्हणतो, पाहा, सिद्ध झाले.

दुसरा पक्ष लगेच स्वित्झर्लंडकडे बोट दाखवितो. तेथे शंभर माणसांमागे सुमारे २८ बंदुका आहेत आणि खुनांचे प्रमाण मात्र लाखामागे एकाहून कमी आहे. याउलट होंडुरास या मध्य अमेरिकेतील देशात बंदुकांचे प्रमाण स्वित्झर्लंडच्या निम्म्याच्या आसपास. परंतु २०११-१२ च्या सुमारास तेथे लाखामागे ऐंशीहून अधिक माणसे मारली जात होती. मग बंदुकीचा आणि खुनाचा संबंध तो काय राहिला?

दोन्ही पक्षांनी दिलेले आकडे खरे आहेत. खोट आहे ती मांडणीत. होंडुरासमधील टोळ्या, अमली पदार्थांचा व्यापार, दुबळी न्यायव्यवस्था आणि दारिद्र्य ही कारणे स्वित्झर्लंडमध्ये नाहीत. तापाने फणफणलेल्या रोग्याची आणि धडधाकट माणसाची तुलना करून एखाद्या पदार्थाचा गुणदोष ठरवावा, तसा हा प्रकार होय. आर्थिक स्थिती आणि राज्यव्यवस्था ज्यांची साधारण सारखी आहे असे देश परस्परांशेजारी ठेवले, तर चित्र अधिक स्पष्ट होते. श्रीमंत देशांमध्ये बंदुका जेथे फार, तेथे बंदुकीने होणारे मृत्यूही फार असतात, आणि त्या रांगेत अमेरिका इतरांपासून पुष्कळ दूर, एकटी उभी आहे.

येथे अनुवादक म्हणून दोन शब्द बोलण्याची परवानगी घेतो. आकडे मोजण्यापूर्वी शब्द मोजावे लागतात. इंग्रजीतील 'गन' या एका शब्दात ठासणीची बंदूक, बारा बोअरची दुनळी, रिव्हॉल्वर आणि तोफ हे सारे सामावते; मराठीत मात्र प्रत्येकासाठी निराळा शब्द शोधावा लागतो. मनुष्याच्या मृत्यूविषयीही असेच आहे. खून, हत्या, सदोष मनुष्यवध, हुंडाबळी हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. आपल्या कायद्याने खून आणि खुनाच्या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध यांत भेद केला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो भेद कायम आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ सालच्या खुनांची प्रकरणे २८,५२२ दिली आहेत. प्रमाण लाखामागे २.१. परंतु त्याच अहवालात हुंडाबळींचे सदर वेगळे आहे, आणि त्यात त्या एका वर्षाची सहा हजारांहून अधिक प्रकरणे आहेत. या स्त्रियांपैकी किती जणी खुनाच्या रकान्यात आल्या असत्या, हे ज्या त्या देशाच्या शब्दकोशावर अवलंबून राहते. आणि आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. या मृत्यूंत बंदूक क्वचितच आढळते. आढळतात ती घरातलीच साधने, दोर, विष, रॉकेल. देशादेशांची तुलना करताना खुनाचा रकाना कमी भरलेला दिसला म्हणून तो समाज निर्धोक समजणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसावे.

मग या वादातून हाती काही निश्चित लागते की नाही? माझ्या मते लागते, आणि ते देशांच्या तुलनेपेक्षा भांडणांच्या तुलनेतून लागते. फ्रँकलिन झिमरिंग या अमेरिकन कायदेपंडिताने १९६८ साली शिकागो शहरातील हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरीने केलेले हल्ले आणि बंदुकीने केलेले हल्ले त्याने वेगळे काढले. भांडणाची कारणे, माणसांचे परस्परसंबंध, परिस्थिती यांत फारसा फरक नव्हता. परंतु बंदुकीच्या हल्ल्यात माणूस मरण्याचा संभव सुरीच्या हल्ल्याच्या सुमारे पाचपट होता. पुढे १९९७ साली गॉर्डन हॉकिन्स यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्याने हेच सूत्र देशांना लावले. चोऱ्यामाऱ्या अमेरिकेत आणि इतर श्रीमंत देशांत थोड्याफार फरकाने सारख्याच होतात. अमेरिकेचे वेगळेपण गुन्ह्यांच्या संख्येत नसून त्यांच्या प्राणघातकतेत आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

म्हणजे बंदूक भांडण उत्पन्न करीत नाही. भावाभावांतील बांधाचा तंटा, दारूच्या गुत्त्यातील शिवीगाळ, टोळ्यांचे वैर ही तिच्यावाचूनही होतात. ती ठरविते एवढेच की, त्या भांडणाचा शेवट इस्पितळात व्हावा की स्मशानात. हे एकदा मानले म्हणजे स्वित्झर्लंड आणि होंडुरास यांचे कोडे उरत नाही. जेथे भांडणे थोडी आणि बंदुका बहुतांशी सैन्यसेवेच्या किंवा शिकारीच्या शिस्तीतल्या, तेथे मृत्यू थोडे. जेथे भांडणे अनंत, तेथे थोड्या बंदुकाही पुरे होतात.

आता आपल्या देशाकडे वळू. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या नोंदींनुसार २०१६ च्या अखेरीस देशात शस्त्रांचे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४ हजार. आणि ज्या राज्यात आपण बसलो आहोत त्या तमिळनाडूत केवळ साडेबावीस हजार. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तरी उत्तर प्रदेशातील परवाने तमिळनाडूच्या पंधरापटींहून अधिक भरतात. परंतु २०२२ मध्ये नोंदलेल्या खुनांचे प्रमाण तमिळनाडूत उत्तर प्रदेशापेक्षा कमी नव्हते. उलट अधिकच होते. येथे वैर अरिवाळाने साधले जाते. आपल्याकडील कोयत्याचाच तो भाऊ. आणि पुण्यासारख्या शहरात कोयता हाती घेऊन दहशत माजविणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या अलीकडे आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

एवढ्यावरून परवाने खुशाल वाटावेत असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. त्यांनी दुसरा आकडाही पाहावा. वर सांगितलेल्या सर्वेक्षणाने भारतातील नागरिकांपाशी असलेल्या बंदुकांचा अंदाज सुमारे सात कोटी दहा लाख असा केला. आणि त्यांपैकी नोंदलेल्या होत्या एक कोटीहून कमी. अंदाजच तो, परंतु नोंद नसलेले शस्त्र नोंद असलेल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे, हे पोलिसांच्या जप्तीवरूनही दिसते. बिहारमधील मुंगेर येथे बंदुका घडविण्याची कला अठराव्या शतकात मीर कासिमच्या काळी रुजली. तेथील परवानाधारक कारखाने पुढे मंदावले, पण हातांतले कसब गेले नाही. आपणांपैकी जे वरणगाव-भुसावळकडील आहेत, त्यांना चोपडा तालुक्याला लागून असलेल्या, मध्य प्रदेशातील उमर्टी गावाचे नाव गावठी पिस्तुलांच्या बातम्यांतून ठाऊक असेल. परवान्याचा रकाना पाहून भारतातील बंदुकांविषयी बोलणे म्हणजे आडातले पाणी पोहऱ्यावरून मोजणे होय.

आपल्याकडे हा वाद केवळ आकड्यांचा कधीच नव्हता. तो स्वाभिमानाचाही होता. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली आलेल्या शस्त्रकायद्याने भारतीयाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. ही विषमता पिढ्यानुपिढ्या सलत राहिली. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट केला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामथ यांनी हा हक्क संविधानात यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. इंग्लंडमधील ज्या जुन्या सनदेचा दाखला दिला जातो, ती तेथील प्रॉटेस्टंटांपुरती होती, याकडे त्यांनी लक्ष वेधले. वाटेल त्याने बाजारात जावे आणि वाटेल ते शस्त्र विकत घ्यावे, अशा स्थितीत राज्यकारभार कसा चालावा, असा त्यांचा प्रश्न होता. शस्त्र धरण्याचा व्यक्तीचा हक्क नव्हे, तर संकटकाळी देशासाठी शस्त्र धरण्याचे तिचे कर्तव्य महत्त्वाचे, असे त्यांनी मांडले. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेने १७९१ साली शस्त्राला आपल्या संविधानात जागा दिली, आणि आपण विचारपूर्वक दिली नाही. दोन्ही देशांतील पुढील वादांचा रोख या निर्णयांनी ठरविला.

१९५९ चा शस्त्र कायदा याच भूमिकेवर उभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि लग्नकार्यात किंवा मिरवणुकीत हर्षाने गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. कोडगूतील कोडवांना इंग्रजी अमलापासून मिळत आलेली परवान्याची सूट मात्र २०२९ पर्यंत कायम ठेवली आहे. तेथे कैलपोळ्दच्या सणाला शस्त्रांची पूजा होते. शस्त्र जेथे अशा मर्यादेत असते आणि जेथे ते वरातीत हवेत उडविले जाते, तेथील धोका एकच असू शकत नाही.

शेवटी एका अशा रकान्याविषयी बोलतो, की जो खुनाच्या वादात सहसा उघडला जात नाही. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ जणांनी आत्महत्या केली होती. परक्याच्या भयाने घरात आणलेली बंदूक पुष्कळदा घरच्याच माणसाच्या हाती लागते. स्वित्झर्लंडने २००३ च्या सुधारणेत सैन्याची संख्या निम्म्यावर आणली. घरोघरी असणारी लष्करी शस्त्रे त्यामुळे घटली आणि सैन्यसेवेच्या वयाच्या पुरुषांतील आत्महत्याही घटल्या. आपल्या शेजारच्या श्रीलंकेत तर बंदुकीचा प्रश्नच नव्हता; तेथे साधन होते कीटकनाशकांचे. अत्यंत विषारी औषधांवर १९९५ पासून टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. दुःखे नाहीशी झाली नाहीत. दुःखाच्या घटकेस हाताशी असलेले साधन तेवढे सौम्य झाले, आणि ती घटका टळून गेली.

मित्रहो, आपणांपैकी काही जण सेवानिवृत्तीनंतर गावी परत जाल. शेतीवाडी एकाकी, रस्ता दूर, चोरांचे भय. तेव्हा परवाना काढावा काय, असा विचार मनात येईल. कोणी माजी सैनिक असेल तर बँकेच्या दारात पहारा करण्यासाठी स्वतःची दुनळी हे उदरनिर्वाहाचे साधनही ठरेल. कायद्याने हा मार्ग बंद केलेला नाही, आणि तो धरणारा मनुष्य गुन्हेगार नव्हे. परंतु त्या वेळी अमेरिका काय म्हणते आणि स्वित्झर्लंड काय म्हणते, हे विचारीत बसू नये. विचारावे ते आपल्या घराविषयी. घरात दारू आहे काय? भाऊबंदकीचा तंटा कोर्टात आहे काय? घरात कोणी निराशेने ग्रासलेले आहे काय? किल्ली कोणाकडे राहणार, आणि काडतुसे बंदुकीपासून वेगळी राहणार की नाही? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देताना मन अडखळले, तर बंदूक आणू नये. तिचे पैसे दाराला चांगले कुलूप आणि अंगणात दिवा लावण्यावर खर्च करावेत.