सातशे वर्षांची मुदत

(कोथरूड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोथरूडमध्ये मृत्युंजयेश्वराचे जुने मंदिर आहे. मृत्यूला जिंकणारा देव माणसाने कल्पिला यात नवल नाही. मृत्यूइतके कठोर सत्य दुसरे नाही. परंतु देवाने मृत्यू जिंकला असे मानणे वेगळे आणि देह ठेवलेला एक माणूस अमुक काळाने परत येणार, असे सांगणे वेगळे. पहिली श्रद्धा आहे. दुसरे विधान आहे, आणि विधानाला पुरावा मागण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो.

याचे ठळक उदाहरण पुण्याचेच आहे. मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, यांचा जन्म 25 फेब्रुवारी 1894 रोजी पुण्यात झाला. 10 जुलै 1925 पासून त्यांनी मौन धरले. योग्य वेळी मौन सोडू आणि त्या शब्दाने जगात आध्यात्मिक परिवर्तन होईल, असे ते वारंवार कळवीत असत. 31 जानेवारी 1969 रोजी त्यांचे निधन झाले. मौन सुटले नव्हते. तेव्हाच्या अहमदनगरजवळ मेहेराबाद येथे त्यांची समाधी झाली. आपण सातशे वर्षांनी पुन्हा येऊ, असे ते सांगून गेले होते.

या दोन वचनांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. मौन सोडण्याचे वचन हयातीतले होते. म्हणून ते तपासता आले, आणि लोकांना ऐकू येईल असा शब्द उच्चारला गेला नाही. मग मौन अंतर्यामी सुटले, असा अर्थ भक्तांपैकी अनेकांनी लावला. दुसऱ्या वचनाची मुदत सत्ताविसाव्या शतकात संपते. ज्याची शहानिशा करायला ऐकणाऱ्यांपैकी कोणीही उरणार नाही, ते वचन खोटे ठरण्याची भीती नसते. पण म्हणून ते खरेही ठरत नाही.

मुदत जवळची असली की काय होते, हे सत्य साईबाबांच्या बाबतीत दिसले. 1918 साली निवर्तलेल्या शिर्डीच्या साईबाबांचा आपण पुनरावतार आहोत, असा त्यांचा दावा होता. आपण शहाण्णव वर्षांपर्यंत जगू, असेही त्यांनी सांगितले होते. 24 एप्रिल 2011 रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले. तेव्हा वर्षे सौरमानाने नव्हे, चांद्रमानाने मोजावीत, असा खुलासा काही भक्तांनी केला. आता प्रेम साई नावाच्या तिसऱ्या अवताराची प्रतीक्षा आहे. घटना वचनाशी जुळली नाही, तर वचन न सोडता मोजमाप बदलायचे, ही रीत केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी येशूच्या पुनरागमनासाठी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती. तो दिवस उलटला, येशू आला नाही. तरी त्याच चळवळीतून पुढे नवे पंथ उभे राहिले.

पुणेकरांना या प्रश्नाची आणखी एक बाजू इतिहासातून ठाऊक आहे. पानिपतावर 1761 साली सदाशिवरावभाऊ पडले. पण पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही, आणि भाऊ जिवंत असावेत ही आशा लोकांतही रेंगाळली. या आशेच्या जमिनीतच तोतया उगवला. कोकणात त्याने फौज जमविली, किल्ले घेतले. अखेर 1776 साली पुण्यात त्याला देहांत शासन झाले. त्याचे कपट हे बंडाचे एक कारण. लोकांची प्रतीक्षा हे दुसरे. जो समाज कोणाची तरी वाट पाहत बसतो, त्याला येणारा माणूस पारखण्याची सवय उरत नाही.

म्हणून भक्ताची टिंगल करणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. वाट पाहणारा मनुष्य बहुधा दुःखी असतो. दवाखाना, न्यायालय आणि कचेरी यांनी त्याला वाऱ्यावर सोडलेले असते. ज्याच्याजवळ बसून दुःख सांगता येत होते तो गेला, हे मान्य करणे त्याला जड जाते. मेहेराबादला आरंभीच्या काळात मोफत दवाखाना आणि शाळा चालत असे. ते काम चांगलेच होते. परंतु ते चांगले ठरण्यासाठी सातशे वर्षांनंतरच्या पुनरागमनाची गरज नाही. औषधाने रोगी बरा झाला, एवढे पुरेसे आहे.

राज्यसंस्थेची मर्यादाही स्पष्ट असावी. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाल्यानंतर. त्या कायद्याचा रोख फसवणूक आणि शोषण यांवर आहे. केवळ कोणाची वाट पाहणे हा गुन्हा नाही, आणि हेच योग्य आहे. पण येणाऱ्याच्या नावाने जो न्यास जमीन व देणग्या सांभाळतो, त्याने आजच हिशेब दिला पाहिजे. 1950 चा सार्वजनिक न्यासांचा कायदा त्यासाठीच आहे. गेलेला गुरू प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही. त्याच्या नावाने निर्णय घेणारे मात्र देऊ शकतात.

शेवटी, हा रोग मठांपुरता नाही. लोहिया 1967 साली गेले, जयप्रकाश 1979 साली. आणखी एखादा जयप्रकाश आला म्हणजे चळवळ उभी राहील, असे म्हणणारा कार्यकर्ता आणि सातशे वर्षांची मुदत मोजणारा भक्त यांच्यात अंतर फार थोडे आहे. कोथरूडच्या सोसायट्यांत पहाटेपासून भांडी घासणाऱ्या बाईला किमान वेतन, सुट्टी आणि म्हातारपणाचा आधार मिळालेला नाही. त्यासाठी तिची संघटना बांधावी लागेल, आणि ती बांधणारी माणसे आज हयात आहेत.