थकलेल्या पेशींचा स्राव

१९६१ साली फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं, की माणसाच्या साध्या पेशी काचपात्रात सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. थांबतात, पण मरत नाहीत. खरी गोष्ट इथून पुढे आहे. अशी थकलेली पेशी गप्प बसत नाही. इंटरल्युकिन-६ सारखी दाह पेटवणारी प्रथिनं आणि भोवतालचं कोलॅजन तोडणारी विकरं ती पाझरत राहते. २००८ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने हा स्राव तपशिलाने मांडला. त्याच्या संगतीने शेजारच्या धडधाकट पेशीही म्हाताऱ्या होतात. तरुणपणी रोगप्रतिकारक पेशी हा केर वेळच्या वेळी काढतात. वय वाढलं की तो साचतो, आणि सांधे, रक्तवाहिन्या आतून धुमसत राहतात.

तरी या पेशींना नुसतं शत्रू म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जखम भरायला हाच स्राव हातभार लावतो, आणि विभागणं थांबवून त्या कर्करोगालाही अडवतात.

२०११ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांतून अशा पेशी काढल्या. मोतीबिंदू लांबला, स्नायूंची झीजही. माणसांसाठीची औषधं मात्र अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहेत.